निम्म्याच्या आत

“सत्तेचाळीस पॉइंट आठ,” शैला म्हणाली. “अहो, चहा राहू दे. इकडं या आधी.”

चहा ओतून झाला होता. दोन्ही कप घेऊनच मी शेडमध्ये गेलो. ती तिच्या लोखंडी स्टुलावर बसली होती, पदर खोचलेला, नजर कॉम्प्युटरवर. मागं लोखंडी सांगाड्यांत आमची यंत्रं चालू होती आणि भिंतीतले मोठे पंखे गरम हवा बाहेर गल्लीत फेकत होते. त्या शेडमध्ये ओरडूनच बोलायला लागायचं. आम्हाला सवय होती. त्याआधी वीस-बावीस वर्षं तिथं आमचे आठ माग खटखटत होते.

“सकाळी किती होतं?” मी ओरडलो.

“सेहेचाळीस. जोरात चढालाय आमचा बंधुराज.”

हे इचलकरंजीतलं. एप्रिल महिना, भर दुपार. कवडीचा धंदा आमच्या गल्लीत ऐन जोरात होता तेव्हाची गोष्ट.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मला शैलानं सांगितलं होतं तसंच सांगतो. कवडी हे नाणं होतं, पण हातात घेता येणारं नव्हतं. कुणी कुणाला किती कवड्या दिल्या हा हिशेब कुठल्या बँकेत नसतो. तो सगळ्यांच्या यंत्रांत सारखाच लिहिलेला असतो. दर दोनेक मिनिटांनी त्याला एक नवं पान जोडलं जातं. पान कुणी जोडायचं यासाठी सगळी यंत्रं एक कोडं सोडवत पळत असतात. ज्याचं आधी सुटेल तो पान जोडतो, आणि त्याला नव्या कवड्या मिळतात. एकट्या शेडला पान मिळायला महिना महिना जायचा. म्हणून लोक आपापली यंत्रं एकत्र जोडायचे आणि मिळेल ते वाटून घ्यायचे. त्याला पूल म्हणायचे. पूल जेवढा मोठा तेवढा पैसा रोजच्या रोज. मग लहान पूलमध्ये कोण थांबणार?

गोम इथंच होती. एका पूलकडं निम्म्याच्या वर ताकद गेली की तो मागची पानं फाडून आपल्याला पाहिजे तशी नवी लिहू शकतो. बाकीचे नुसते बघत बसणार. म्हणून ज्या बाजारात आम्ही कवड्या विकायचो त्यांनी नोटीस लावली होती. कुठलाही एक पूल निम्म्याच्या वर गेला, की त्या क्षणापासून कवडीची खरेदी-विक्री बंद.

आणि निम्म्याकडं निघालेला तो पूल होता ‘संगम’. शैला सांगत होती तो आकडा त्याचाच, सगळ्या ताकदीत शंभरातली किती त्याच्याकडं. चालवत होता विजू, शैलाचा धाकटा भाऊ, जयसिंगपूरला राहून. भावाचा पूल म्हणून शैला त्यात गेली, आणि शैला गेली म्हणून आमची सगळी गल्ली गेली. पाडव्यापासून विजूनं पूलमध्ये राहायची फी शून्य केली होती. मालेगाव, विटा, सोलापूर, पार तिकडं बेळगावकडची माणसंसुद्धा धडाधड आत येत होती.

आमचे आठही माग भंगारात गेले होते. कवडी बुडाली की शेडमध्ये उरणार होतं नुसतं गरम लोखंड.

शैलानं विजूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“विजू, नवीन माणसं घ्यायचं बंद कर. आत्ताच्या आत्ता.”

“आक्का, तू पण ना! तासाभरात पन्नास पार होतंय. पेढे घेऊन निघालोय मी. दाजींना सांग, जेवायलाच थांबतो.”

“अरे, बाजार बंद होईल!”

“ते नुसती भीती घालतात गं. निम्मं आपलं झाल्यावर बाजार आपल्याला विचारून चालंल. आपणच कारखाना!”

फोन बंद झाला. ‘कारखाना’ हा शब्द ऐकला आणि शैलाचा चेहरा बदलला. तिचे वडील, आबा, गुऱ्हाळवाले. शिरोळकडच्या त्यांच्या गावात एके काळी पाच-सहा गुऱ्हाळं होती. मग साखर कारखाना आला, गुऱ्हाळापेक्षा जास्त दर दिला, आणि सगळा ऊस तिकडं गेला. आबांनी स्वतःचा ऊससुद्धा शेवटी तिकडंच घातला. चार पैसे जास्त मिळत होते, कोण सोडणार? गुऱ्हाळं एकेक करून थंड झाली. त्यानंतर कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा वाळवायचा हे एकच माणूस ठरवायला लागला. आमच्या शेडलाही शैला गुऱ्हाळच म्हणायची. तसंच गरम, तसंच रात्रंदिवस चालू.

“आपण आपली यंत्रं काढू की दुसऱ्या पूलमध्ये,” मी म्हणालो.

“आपली एकट्याची काढून काय होतंय? आपण निघालो की जे राहतील त्यांचा वाटा वाढतोय. त्यांना बरंच की ते. गल्लीतलं कोण निघंल सांगा? दत्तूभाऊजी निघतील?”

दत्तू कबाडे आमचा शेजारी. त्याला एक रुपया सोड म्हटलं तर तो दोन दिवस जेवायचा नाही.

“नाही,” मी म्हणालो.

शैला उठली. कॉम्प्युटरवर अठ्ठेचाळीस पॉइंट सहा झालं होतं. भिंतीजवळ गेली, मेन स्विचला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं.

“तेवढं दार उघडं ठेवा,” ती म्हणाली. “लोक येतील.”

आणि तिनं मेन खाली ओढला.

पंखे फिरत फिरत थांबले. माझ्या कानात कसंतरीच झालं. त्या शेडमध्ये शांतता म्हणजे काय ते मी विसरून गेलो होतो.

मागाच्या गल्लीत आवाज कधी थांबत नाही. पाळ्या बदलतात, माणसं बदलतात, खटखट चालूच असते. ती एकाच कारणानं थांबते. कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरची शेड बंद पडते. शेजाऱ्याला ते कानाला कळतं, तो विचारत बसत नाही, आपला मेन ओढतो. मग त्याच्या पलीकडचा. माग एकेक करून कुणी बंद करत नाही, मेनच ओढायचा. अशी सगळी गल्ली गप्प होते आणि मग माणसं बाहेर येऊन विचारतात, कोण गेलं?

आमचे पंखे थांबल्यावर आधी दत्तूची खटखट थांबली. मग त्याच्या पलीकडची, मग समोरची. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत विझत गेला. आणि मेन ओढला म्हणजे नुसते माग थांबत नाहीत. ज्याच्या त्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात कवडीची यंत्रं होती, तीपण थांबली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. “शैला! अगं काय केलंस हे?”

“चहा घ्या,” ती म्हणाली. “गार झाला.”

पहिला दत्तू आला. अनवाणी, बनियनवर, आणि डोळ्याला पाणी. दारातूनच ओरडला, “बाळू! आरं माझ्या बाळू!” आणि मी त्याच्या समोर, हातात कप.

तो जागच्या जागी थांबला. “तू जित्ता हाईस?”

“चहा पितोय.”

“मग गेलं कोण?”

तोवर दारात गर्दी झाली. बायका पदर डोक्यावर घेऊन आल्या. सदा मुसळे तर बांबू आणायला स्टँडकडं निघाला होता, त्याला कुणीतरी पळत जाऊन परत आणलं. इम्रान मोमीन मोटरसायकल तशीच रस्त्यात टाकून आला. सगळ्यांच्या यंत्रांची दुरुस्ती तोच बघायचा. “अण्णा, काय झालं? वहिनी ठीक आहेत ना?”

शैला स्टुलावर उभी राहिली. तशी ती बुटकी होती, मागच्यांना दिसली नसती.

“कुणी गेलेलं नाही,” ती म्हणाली. “पण तासाभरात कवडी जाणार होती. म्हणून थांबवलं.”

दत्तूच्या तोंडाचा पट्टा सुटला. “वहिनी, जित्या माणसाचं मयत करतासा? मी रडत आलोय हितं! चार माग थांबवल्यात मी, धोटे मधीच अडकल्यात, सूत तुटलं असंल!”

“आणि कवडीची यंत्रं?” शैलानं विचारलं.

“ती बी बंदच की! मेन वडल्यावर काय चालू ऱ्हातंय व्हय?”

“इम्रान, बघ रे किती झालं.”

इम्राननं मोबाइल काढला. त्याचे डोळे मोठे झाले. “वहिनी, संगम खाली आला. त्रेचाळीस!”

“आईशप्पत,” कुणीतरी म्हणालं. आमची गल्ली एवढी मोठी आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं.

शैलानं मग चार वाक्यांत सगळं सांगितलं. नोटीस, निम्मं, विजू. “इम्रान आपल्याला आपला वेगळा पूल लावून देईल. लहान असंल. पैसे रोज येणार नाहीत, आठवड्यानं येतील, कधी दोन आठवड्यांनी. पण येतील.”

“आनि आमी तिकडं गेलो, आनि ह्यो सदा संगममधीच ऱ्हायला तर?” दत्तू म्हणाला. “त्याला रोज मलई, आनि आमी बसायचं बोंबलत?”

“मी का राहीन?” सदा उसळला. “तूच राहशील! दसऱ्याच्या वर्गणीला पाठीमागच्या दारानं पळालास तो तूच ना?”

“आरं जा! पोटात दुखत हुतं माझ्या!”

सगळे एकदम बोलायला लागले. दोघंतिघं तर दाराकडं निघालेच, मेन परत वर करायला. मला वाटलं, संपलं.

“दत्तूभाऊजी,” शैला स्टुलावरूनच म्हणाली, “एक सांगा. गल्लीत मयत होतं, सगळे माग बंद करतात. त्या वेळी तुमचे चालू ठेवले तर तेवढं कापड जास्त निघंल की नाही?”

“निघंल की.”

“मग कधी ठेवलेत?”

दत्तूनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्याला शिवी दिली. “म्या? कदी न्हाई.”

“का?”

त्यानं बनियनला हात पुसले. मग खाली बघत म्हणाला, “उद्या माझं बी मयत हाय की.”

“तेवढंच मागतेय मी,” शैला म्हणाली.

दाराकडं निघालेले थांबले. आणि नेमकं तेव्हाच इम्रान ओरडला, “वहिनी, परत चढतंय! चव्वेचाळीस... पंचेचाळीस! कुणीतरी मोठा आत आला.”

आमची गल्ली बाहेर पडूनही भागणार नव्हतं. फी शून्य होती, लोक येतच होते. आत शिरायचं दार विजूच्या हातात होतं.

आणि विजू आला. गल्लीच्या तोंडाला गाडी थांबल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला, कारण दुसरा आवाजच नव्हता. गल्ली गप्प, आमच्या दारात गर्दी, बायकांच्या डोक्यावर पदर. तो काय समजला असेल ते सांगायला नको. पेढ्यांचा पुडा छातीशी धरून पळत आला, लोकांना ढकलत आत घुसला आणि मला बघून त्यानं मिठीच मारली.

“दाजी! मला वाटलं...”

“आज सगळ्यांना तेच वाटलंय,” मी म्हणालो. “बस. पाणी पी.”

मग त्याला स्टुलावर उभी शैला दिसली आणि बंद यंत्रं दिसली. त्यानं खिशातला मोबाइल काढून बघितला. “आक्का! तू पाडलंस? सख्ख्या बहिणीनं?”

“दार बंद कर, विजू.”

“मी काय चोर आहे? पानं फाडणार आहे मी? दोन वर्षांत एक कवडी इकडची तिकडं केली का कुणाची?”

“नाही केलीस. तुझ्यावर माझा विश्वास आहे.”

“मग?”

“तुझ्यावर आहे. त्या खुर्चीवर आहे का, ते विचार. उद्या तू ती कुणाला विकशील. परवा कुणी तुझ्याकडनं ओढून घेईल. तो माणूस मला माहीत नाही.”

“सत्तेचाळीस,” इम्रान म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. गल्ली अशी गप्प होती की मागच्या माणसालाही ऐकू गेलं.

“लोक आपणहून येतात गं,” विजू म्हणाला. “मी कुणाला बोलवायला जातो का? जास्त मिळतंय म्हणून येतात. येणाऱ्याला हाकलू? धंदा आहे हा.”

“आबांचा ऊस पण आपणहूनच गेला होता.”

विजूनं मोबाइल खिशात टाकला.

“गुऱ्हाळाचं शेवटचं चुलवाण विझवलं त्या दिवशी तू कुठं होतास?” शैलानं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता तिचा. पंखे चालू असते तर कुणालाच ऐकू आला नसता.

“तिथंच,” विजू म्हणाला. “आबांच्या मांडीवर.”

“काय म्हणाले आबा?”

“काही नाही. नुसतं ऐकत बसले होते.”

“काय ऐकत?”

विजूनं मान वळवली, शेडभर बघितलं. थांबलेले पंखे, बाहेरची बंद गल्ली. त्यालाही तीच शांतता ऐकू येत असणार.

“अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ,” इम्रान म्हणाला. “वहिनी, एकोणपन्नास... एकोणपन्नास पॉइंट तीन.”

दत्तू माझा दंड धरून उभा होता. इतका घट्ट की नंतर तिथं वळ आले.

विजू खाली फरशीवर बसला, मांडीवर लॅपटॉप उघडला. “दाजी, धरा,” म्हणून पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. टाइप करताना त्याची बोटं चुकत होती. एकदा पासवर्ड चुकला, दुसऱ्यांदा चुकला.

“आरं सावकाश!” दत्तू किंचाळला. “सावकाश, पन लवकर!”

“एकोणपन्नास पॉइंट सात!”

“झालं,” विजू म्हणाला.

आम्ही सगळे इम्रानच्या मोबाइलवर वाकलो. आकडा हलला नाही. मग हलला. एकोणपन्नास पॉइंट सात. पुन्हा तेच. मग एकोणपन्नास पॉइंट सहा.

जो काही आरडाओरडा झाला त्यावरून पलीकडच्या गल्लीला वाटलं असेल की ह्यांनी क्रिकेटचा सामना जिंकला. दत्तूनं सदाला उचललं. माझ्या हातातले पेढे मी सगळ्यांना वाटले. निम्मं झाल्याबद्दल आणलेले पेढे, निम्मं चुकलं म्हणून खाल्ले. विजूनं स्वतः दोन खाल्ले. मग म्हणाला, “आक्का, जेवायला काय केलंयस?”

“काही नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही,” शैला म्हणाली, आणि हसत हसत स्टुलावरून उतरली. उतरताना माझ्या खांद्याला धरलं होतं तिनं. शेवटी दत्तूच्या घरून भाकरी आली, पिठलं आलं.

संध्याकाळपर्यंत इम्राननं आमचा पूल लावून दिला. नाव शैलानं ठेवलं, पैरा. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. मग गल्लीतले मेन एकेक करून वर गेले, खटखट सुरू झाली. बाहेरगावच्या कवडीवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यावर इम्राननं सगळी हकीगत टाकली. महिनाभरात मालेगाववाल्यांनी त्यांचा वेगळा पूल सुरू केला, विट्याच्या लोकांनी त्यांचा. अधूनमधून त्यांचे फोन यायचे. शैलाताई आहेत का, हे कसं करायचं, ते कसं करायचं. ती स्टुलावर बसून ओरडून सांगायची. त्यातल्या एकालाही तिनं कधी बघितलं नव्हतं. विजूचा संगम पुढं पंचवीस-तीसच्या घरात राहिला. त्याचं पोट भरत होतं.

कवडीत कुणी श्रीमंत झालं नाही. पण ती अजून चालते.

शैला तीन वर्षांनी गेली. कावीळ झाली, ती उतरली नाही. सकाळी गेली. दत्तूनं आमच्या शेडचा मेन ओढला, कारण मला ते सुचलं नाही. मग गल्ली टोकापर्यंत गप्प झाली. या वेळी दत्तू दारातून ओरडला नाही. नुसता येऊन माझ्याजवळ बसला, माझा दंड धरून.

बारावं झाल्यावर इम्रान आला. “अण्णा, एक दाखवायचंय,” म्हणाला. त्यानं मोबाइलवर कवडीची पानं काढली. प्रत्येक पानावर ते कधी जोडलं त्याची वेळ असते. तो बोटानं वर वर सरकवत गेला. दोन मिनिटं, तीन मिनिटं, दोन मिनिटं. मग एका ठिकाणी थांबला.

एक पान, आणि त्याच्यानंतरचं पान. मध्ये जवळजवळ पाऊण तास. आम्ही तिला घेऊन नदीवर गेलो होतो तेव्हाचा.

“यंत्रं बिघडली होती?” मी विचारलं.

“नाही. मी ग्रुपवर एवढंच टाकलं होतं, शैलाताई गेल्या, गल्ली बंद आहे. बाकी काही म्हटलं नव्हतं. विजूदादांनी पण कुणाला सांगितलं नव्हतं, मी विचारलं त्यांना. मालेगाव, विटा, सोलापूर, बेळगाव. ज्यानं त्यानं आपापला मेन ओढला.”

मी मोबाइल हातात घेतला. त्या पाऊण तासात एखाद्यानं गुपचूप चालू ठेवलं असतं, तर सगळी पानं त्याचीच होती. सगळ्या कवड्या त्याच्या.

“कुणीच नाही?” मी विचारलं.

“कुणीच नाही, अण्णा.”

मी आता स्वतः ती पानं उघडायला शिकलोय. शेडमध्ये तिच्या स्टुलावर बसतो आणि तेवढी जागा काढून बघतो. ती तिथंच असते. मी इम्रानला एकदा विचारलं, हे कुणी पुसलं तर? तो म्हणाला, पुसायचं तर एकाच माणसाकडं निम्म्याच्या वर ताकद लागेल.

तेवढी अजून कुणाकडं नाही.